होळीपर्यंत पाणी असते

सोलापुरात डोंगर नाही. गावात उंच म्हणावं असं काही असेल तर गिरण्यांची धुराडी, आणि त्यांच्यावर चढायला कुणी बोलावत नव्हतं. अशा गावात, सपाट काळ्या रानाच्या मधोमध, आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा एक माणूस दर शनिवारी सूचनाफलकावर सह्याद्रीतल्या डोंगरवाटांची हालहवाल लावत असे. माघ लागला की सुरू, चैत्र संपला की बंद. पावसाळ्यात डोंगर कुणीही चढतो, खरी परीक्षा गवत वाळल्यावर, असं सरांचं मत होतं. सरांनी स्वतः ही परीक्षा कधी दिली नव्हती. कॉलेजचा दुसरा मजला हा त्यांनी सर केलेला सर्वात उंच भाग.

फलकावरचा मजकूर असा असायचा : "माघ वद्य अष्टमी. गवत पूर्ण वाळले आहे, पाय आडवा टाकावा. शेवटच्या चढावर मुरूम सुटा असून घसारा फार. आग्या मोहोळ पश्चिम कड्याला, तेथे विडी ओढू नये. टाक्यात पाणी आहे." परीक्षेचं वेळापत्रक बघायला आलेली पोरं हे वाचायची आणि एकमेकांना म्हणायची, "पाय आडवा टाक बे, पुढं कँटीनचा घसारा हाय."

सर कॉलेजात टांग्यातून येत. घर दहा मिनिटांच्या अंतरावर. पायात मात्र खिळे ठोकलेले जाडजूड बूट, कुठल्याशा जुन्या बाजारात घेतलेले, रोज पॉलिश केलेले. हातात खाली पितळी टोपण असलेली काठी. टांग्यातून उतरताना आधी काठी खाली यायची, मग एक बूट, मग थोडं थांबून जमिनीचा अंदाज, मग दुसरा बूट. टांगेवाला रोज तोंड दुसरीकडे करून म्हणायचा, "उतरो सर, जमीनच है." वर्गात फरशीवर त्या खिळ्यांचा खणखणाट व्हायचा. अनुमानाचे प्रकार शिकवताना मधेच काठी टेकवून म्हणायचे, "पाय फसवतात. नोंद फसवत नाही."

तुम्ही स्वतः वर का जात नाही, असं एकदा कुणीतरी विचारलंच. सर म्हणाले, "वर गेलो तर मला एक किल्ला दिसेल. इथं बसून मी चाळीस बघतो." शिवाय गुडघा होता. तो कधी डावा असायचा, कधी उजवा.

त्यांची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीनंच घडलं. डोंगराच्या पायथ्याच्या गावांतल्या शाळामास्तरांना सर जोडकार्डं पाठवत. अर्ध्या कार्डावर प्रश्न : गवत कसे, घसारा किती, वाटेत वणवा लागला होता काय, पाणी कुठवर. उरलेल्या अर्ध्यावर मास्तरांनी उत्तर लिहून टपालात टाकायचं. मास्तर लोक सज्जन, बरेच जण उत्तर द्यायचे. तारीख म्हणून तिथी घालायचे. सर ते एका जाडजूड वहीत उतरवून घ्यायचे. चार रकाने : वाट, तिथी, स्थिती, कळवणार. ज्या वर्षी उत्तर आलं नाही, त्या वर्षी त्याच तिथीची जुनी नोंद पुन्हा लावायची. "निसर्ग पुनरावृत्ती करतो," असं म्हणायचे. आता निसर्ग पुनरावृत्ती करत असेलही, पण तो सरांना विचारून करत नाही, एवढी गोष्ट वीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

आणि मी त्यांचा चिटणीस होतो.

हे लपवून काय उपयोग. मी सांगोल्याकडचा. आमचं घर मेंढरांवर चालायचं. आमच्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं, चौथीपर्यंतसुद्धा मीच पहिला गेलो होतो. माझं अक्षर बरं म्हणून सरांनी मला निवडलं. कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाचा चिटणीस, म्हणजे त्यांच्या वहीतला मजकूर सुवाच्य अक्षरात कागदावर काढून फलकाला टोचणारा. ते मला "अहो चिटणीस" म्हणत. जन्मात मला कुणी अहो म्हणालं नव्हतं. फलकाच्या जाळीमागं माझं अक्षर दिसायचं तेव्हा मी कारण नसताना तिकडून दोनदा जायचो. सर खुळे आहेत हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण त्या खुळेपणात मला खुर्ची होती.

माझ्या शेवटच्या वर्षी मंडळाची सहल ठरली, भोरकडच्या एका किल्ल्यावर. दिवस ठरला होळीच्या चार दिवस आधीचा. वहीत त्या किल्ल्यापुढं कुणा गुरुजींचं तीन वर्षांपूर्वीचं वाक्य होतं : "वरच्या टाक्यात होळीपर्यंत पाणी असते." यंदाच्या जोडकार्डाला उत्तर आलं नव्हतं. गुरुजींची बदली झाली असावी. सरांनी जुनंच वाक्य लावलं आणि ते मीच सुवाच्य अक्षरात काढलं.

त्याच आठवड्यात आबा, म्हणजे माझे वडील, वसतिगृहावर आले. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन पश्चिमेला जात, थेट घाटाच्या तोंडापर्यंत. चुलतबहिणीच्या लग्नासाठी मेंढरं भावावर टाकून चार दिवस गावाकडं आले होते, जाता जाता मला ज्वारीच्या भाकरी आणि चटणी द्यायला थांबले. फाटकाशी उभे होते. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, पायात जड पायताण. मी धावत गेलो आणि त्यांना तसाच कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेलो. त्यांना वाटलं, पोरगं चहा पाजतंय. मी त्यांना पोरांच्या नजरेआड करत होतो.

बोलण्यात मी सहलीचं सांगितलं. किल्ल्याचं नाव ऐकून आबा खूश झाले.

"ठावं हाय की. त्याच्या बुडालाच आमची मेंढरं बसत्यात. वर टाकं हाय एक, दगडात खोदल्यालं."

"त्यात होळीपर्यंत पाणी असतं," मी म्हणालो.

आबा बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "असतंय. पर आवंदा न्हाय ऱ्हायचं."

"का?"

"आरं, धोंड्याचा महिना न्हाय का झाला? शिमगा म्हैनाभर लांब गेला. पाणी काय पंचांग बघून ऱ्हातं व्हय? मागल्या पंधरवड्यात मी सोता बघितलंय, तळाला चिखुल हुता. आता तेबी वाळलं आसंल." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "लईच तहान लागली तर उगवतीच्या अंगानं निम्मं खाली या. उंबर हाय. त्याच्या बुडात हातानं उकरलं तर झिरपतंय. मेंढरं तितंच पाजतो आमी."

किती साधी गोष्ट होती. ज्या वर्षी गुरुजींनी ते वाक्य लिहिलं, त्या वर्षी होळी फेब्रुवारीच्या अखेरीला आली होती. यंदा मधे अधिक महिना येऊन गेला होता, होळी मार्चच्या अखेरीला गेली होती. तिथी तीच, ऊन मात्र महिनाभर पुढचं. वीस वर्षं तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या वहीत हे बसत नव्हतं, आणि कधी अक्षर न गिरवलेल्या माणसाला चहा पिता पिता ते सांगता येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेलो. म्हणालो, "सर, यंदा होळी उशिरा आहे. टाक्यात पाणी नसेल."

सरांनी वही उघडली. "फाल्गुन शुद्धच ना?"

"हो."

"मग नोंद लागू आहे." वही मिटली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता इथं मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. माझ्या वडिलांनी सांगितलं. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न आला असता, वडील काय करतात. खोलीत दुसरे दोन प्राध्यापक पान खात बसले होते. प्रवेशाच्या अर्जावर मी 'शेती' लिहिलं होतं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "असंच वाटलं."

"वाटणं हा पुरावा नव्हे," सर म्हणाले. दोघं प्राध्यापक हसले. मीही हसलो.

आम्ही सात जण निघालो. रात्रीच्या गाडीनं पुणं, तिथून एसटी. सर पायथ्याच्या गावापर्यंत आले. शाळेच्या ओसरीवर त्यांनी बूट काढले, मोजे झटकले, गावातून आलेलं ताक घेतलं आणि भिंतीला टेकून आम्हाला सूचना दिल्या. गुडघा त्या दिवशी डावा होता. "वाळल्या गवतावर ओझं म्हणजे घात. प्रत्येकानं एकच लहान बाटली घ्या. वर टाकं भरलेलं आहे. चिटणीस, सामान तपासा."

व्यंकटेशनं घरून पाण्याचा मोठा कॅन आणला होता. व्यंकटेश सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, घरात तेलुगू बोलणारा, बाप आणि दोन भाऊ मागावर. तोही माझ्यासारखाच, घरातला पहिला. आम्ही दोघं एकाच पुस्तकावर अभ्यास करायचो. मी त्याला कॅन ठेवून दे म्हणालो.

"राहू दे की बे," तो म्हणाला. "मी उचलतोय ना, तुझ्या डोक्यावर कुठं देतोय?"

"सरांनी सांगितलंय."

"सरांना तहान लागत नसंल. ताक पितोय बघ कसं."

"ठेव म्हटलं ना."

त्यानं ठेवला. मी चिटणीस होतो.

वाट कशी होती ते आता कुठल्याही फलकावर बघायला नको, माझ्या पायांना पाठ आहे. खालची रानं वणव्यानं काळी झालेली. त्याच्या वरचं गवत पिवळं, गुडघ्याएवढं, एकाच दिशेला झोपलेलं, त्यावर पाऊल ठेवलं की तेल सांडल्यासारखं सरकायचं. मधे मधे पळस फुललेले. शेवटच्या चढाला मुरूम सुटा, पायाखालून भरभर जायचा, मागच्याच्या तोंडावर यायचा. सरांच्या नोंदी इथवर अगदी बरोबर होत्या, आणि त्याचाच मला राग येत होता. प्रत्येक बरोबर नोंदीमागं पोरं जास्त निर्धास्त होत होती. घसारा संपेपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. "वर टाकं आहे," म्हणून प्यायले.

टाक्यात पाणी नव्हतं. तळाच्या मातीला भेगा पडल्या होत्या आणि त्यात माकडांची पावलं उमटून वाळली होती. पोरं काठावर उभी राहून आत बघत होती. कुणीतरी म्हणालं, "दुसरं टाकं असंल." दुसरं नव्हतं. मला ते माहीत होतं.

मी त्याच क्षणी उंबराचं बोलायला हवं होतं. मी आधी किल्ला फिरलो, टाकं शोधायचं नाटक करत. अर्धा तास गेला. तेवढ्यात ऊन डोक्यावर आलं.

उतरताना व्यंकटेश बसला. आधी चेष्टा वाटली. मग त्याचा घाम थांबल्याचं दिसलं. अंग तापलेलं आणि कोरडं. तो आमच्याशी तेलुगूत बोलायला लागला, आम्ही त्याच्या घरची माणसं असल्यासारखा. "अम्मा, नीळ्ळु," म्हणत होता. एक पोरगा हसला. त्याला तेलुगू येत नव्हतं. व्यंकटेशच्या शेजारी बसून अभ्यास केलेल्या माणसाला नीळ्ळु म्हणजे पाणी एवढं कळतं, मला कळलं.

पोरांना मी त्याला कड्याच्या सावलीत ओढायला सांगितलं आणि उगवतीच्या अंगानं पळालो. पळालो म्हणजे निम्मा घसरत गेलो. उंबर होता. आबांनी सांगितलं होतं तिथंच होता. बुडात लेंड्या पडल्या होत्या, आमच्याच मेंढरांच्या असतील. मी हातानं उकरलं. नखं फुटली. गढूळ पाणी हळूहळू जमा व्हायला लागलं, आणि ते जमेपर्यंत मी तिथं गुडघ्यावर बसून होतो, त्या वेळेइतका माझ्या आयुष्यात मी कुणाचा तिरस्कार केला नाही. सरांचा, वहीचा. माझा स्वतःचा नंबर तिसरा लावला होता, हेही सांगतो. शर्ट भिजवला, दोन बाटल्या भरल्या आणि वर आलो.

व्यंकटेश वाचला. खाली आणला, बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेला. ओसरीवर सरांनी त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "पाय आडवा टाकत नव्हता का हा?"

दवाखान्यातून घरी आल्यावरही त्याचा ताप महिनाभर हटला नाही. उभा राहिला की डोळ्यांपुढं अंधारी. परीक्षा एप्रिलात होती. तो बसू शकला नाही.

त्याचा बाप कॉलेजात आला, एकदाच. प्राचार्यांच्या दारात चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, "पोराचं वर्ष गेलं साहेब. असं कसं झालं तेवढं सांगा." म्हणून चौकशी झाली. नाहीतर झाली नसती.

प्राचार्यांच्या खोलीत सर आले ते बूट वाजवत. अहवाल त्यांनी लिहून आणला होता. त्यात वाटेची स्थिती दोन पानं, गवताची जात, घसाऱ्याचा उतार, आणि शेवटी एक वाक्य : "टाके कोरडे असल्याची पूर्वकल्पना कोणासही नव्हती." खाली त्यांची सही. शेजारी चिटणिसाच्या सहीसाठी जागा. सोलापुरातल्या एका शाळेत मास्तरकीची जागा होती आणि सरांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलेलं होतं. तेही ते सोबत घेऊन आले होते. लाच म्हणून नाही. त्यांच्यात एवढी अक्कल नव्हती. एका फेरीत दोन कामं व्हावीत, एवढंच.

प्राचार्य मला म्हणाले, "करा सही."

मी म्हणालो, "मला पूर्वकल्पना होती."

मग प्राचार्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठून?"

"माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. ते मेंढरं राखतात. त्याच डोंगराखाली."

त्या इमारतीत मी हे वाक्य पहिल्यांदा बोललो. इमारत पडली नाही.

"मग तुम्ही सरांना सांगितलं नाही?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "मी विचारलं होतं यांना. कुणी सांगितलं म्हणून. हे म्हणाले, कुणी नाही." आणि ते खरं होतं. त्या माणसाच्या तोंडून नेमक्या त्या दिवशी खरं निघावं, याला काय म्हणावं.

प्राचार्य माझ्यावर अर्धा तास बोलले. त्यातलं निम्मं मला लागू होतं. पुढं काय झालं ते ऐका. सरांनी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि अतिशय उत्सुकतेनं मला म्हणाले, "वडिलांचे नेमके शब्द काय होते?" त्यांच्या चेहऱ्यावर ना लाज, ना पश्चात्ताप. नवी नोंद मिळणार म्हणून आनंद होता. मी शब्द सांगितले. त्यांनी लिहिलं : "अधिक मासाच्या वर्षी जलसाठा होळीपूर्वीच आटतो." कळवणाराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "एक जाणकार."

वर सगळ्या गुरुजींची नावं होती, हुद्द्यासकट. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं, ती दोन शब्दांची ओळ खोडली आणि आबांचं पूर्ण नाव लिहिलं. पुढं लिहिलं, मेंढपाळ. सर म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

अहवालावर मी सही केली नाही. दुसऱ्या एका पोरानं केली. वाक्य तसंच राहिलं, पूर्वकल्पना कोणासही नव्हती. म्हणजे खरं वहीत राहिलं आणि खोटं कचेरीत, आणि सरांना या दोन्हींत काही विसंगती दिसली नाही. ते पुढच्या माघात पुन्हा फलक लावायला लागले. शिफारसपत्रही त्यांनी मला दिलंच, फाडायचं त्यांना सुचलं नाही.

मी बी.ए. झालो. दुसऱ्या वर्गात. व्यंकटेश पुढच्या वर्षीही बसला नाही. माझा निकाल लागायच्या आतच तो मागावर बसायला लागला होता आणि मागावरून उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

निकालाच्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि सायकलवरून त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. आत सगळ्या घरांतून मागांचा आवाज येत होता. त्यातला त्याचा कुठला हे ओळखता येत नव्हतं. सायकलवर एक पाय टेकून मी बराच वेळ उभा राहिलो. मग सायकल वळवली आणि तो पुडा सरांच्या घरी नेऊन दिला. ज्याच्यासमोर मला लाज वाटायचं कारण नव्हतं, असा माणूस त्या गावात तेवढा एकच होता. त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा बायकोसाठी काढून ठेवला.